एका वर्गात मुलं किती?

मैत्रिणींनो, चौघांच्या स्वयंपाकावर आठ पाहुणे आले तर आपण काय करतो? आमटीत पाणी वाढवतो! शाळेतही कधी कधी असंच होतं. फरक इतकाच, की तिथलं पाणी आपल्या मुलांच्या वाट्याला येतं.

मी एका माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर गणित शिकवते. गेल्या वर्षी एक शिक्षक निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही. म्हणून नववीच्या ३४ आणि ३२ मुलांच्या दोन तुकड्या एकत्र केल्या. वर्ग झाला ६६ मुलांचा! तास ३५ मिनिटांचा. म्हणजे प्रत्येकाला जेमतेम अर्धं मिनिट.

शेवटच्या बाकावरच्या एका मुलीची वही नेहमी चुकलेली. फळ्यावरचा ३ ती ८ लिहायची. "लक्ष कुठं असतं गं?" म्हणून मी रागावायचे. सहामाहीच्या पेपरात मात्र तिची सगळी गणितं बरोबर! छापील प्रश्नपत्रिका हातात होती ना. दोष लक्षाचा नव्हता, डोळ्यांचा होता. ३४ मुलांत हे मला आठवडाभरात कळलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता जरा हिशेब बघा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. हा कायदा आठवीपर्यंतच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शाळेत हे प्रमाण ३० च्या आत असावं असं म्हटलंय. पण म्हणून वर्गात तीसच मुलं असतात असं नाही हं! समजा, एका तुकडीचे आठवड्याला ४५ तास आणि एक शिक्षक घेतो ३०. म्हणजे तुकडीमागे दीड शिक्षक हवा. सहा तुकड्यांत मिळून २७० मुलं आणि ९ शिक्षक असले, तर कागदावर शिक्षकामागे ३०, वर्गात मात्र ४५!

महाराष्ट्रात शिक्षकांची पदं संचमान्यतेत ठरतात, तीही ३० सप्टेंबरच्या पटावरून. म्हणून मूल दुसऱ्या शाळेत घालायचं तर जूनमध्येच दाखला न्यावा. मूल शिकतं तिथंच त्याचं नाव पटावर हवं.

पालक-शिक्षक संघाच्या सभेला आपण जातो, गुण विचारतो आणि परततो. यापुढे एवढं जरूर विचारा:

- माझ्या मुलाच्या तुकडीत हजेरीपटावर नावं किती?
- गणित, विज्ञान, इंग्रजीला त्या त्या विषयाचेच शिक्षक आहेत का?
- रिकाम्या जागा किती, आणि त्या भरण्यासाठी शाळेनं काय केलं?

वर्ग मोठाच असेल तर बाक दर आठवड्याला बदलायला सांगा, मुलांचे डोळे तपासून घ्या आणि रविवारी वही स्वतः उघडून बघा. बाईंनी लाल शाईनं शेवटची सही कधी केली, तेही पाहा. बाईंवर रागावू नका. ६६ वह्या दोन-दोन मिनिटं पाहिल्या तरी दोन तासांवर जातात, आणि घरी तिचाही कुकर लावायचा असतो!

त्या मुलीला आता चष्मा लागलाय. ती पहिल्या बाकावर बसते आणि माझ्याच चुका दाखवते.