लाकडी घर, आगीपासून लांब

माइनक्राफ्टमध्ये जपानी वळणाचं लाकडी घर बांधणाऱ्यांचा घात बहुधा शेकोटीच करते. लाव्हा किंवा पेटता नेदररॅक दगड फळ्यांजवळ ठेवला की बघता बघता आग छताला भिडते. चूल दगडात चिणा, नाहीतर कॅम्पफायर वापरा. त्याची आग पसरत नाही. 2020 च्या अपडेटपासून क्रिम्सन आणि वार्प्ड फळ्या मिळतात, त्या पेटतच नाहीत. (ही जरा पळवाटच झाली.)

एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला, अशी पळवाट नव्हती. 1657 च्या मेइरेकी आगीत निम्म्याहून अधिक शहर जळालं. मृतांचा आकडा लाखाच्या घरात सांगतात. त्यानंतर रस्ते रुंद झाले, आग अडवायला मोकळे पट्टे सोडले गेले. खरी करामत मात्र व्यापाऱ्यांच्या ‘कुरा’ कोठारांत दिसते. सांगाडा लाकडाचाच, पण त्यावर मातीचे थरावर थर आणि वरून चुन्याचा पांढरा गिलावा. जाडजूड दारांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या, एकमेकींत घट्ट बसणाऱ्या. आग जवळ आली की उरलेल्या फटी ओल्या मातीने लिंपून टाकायच्या.

आगीशी हा सामना आजही सुरू आहे: जपानमधल्या शिराकावा-गो गावातल्या गवती छपरांसाठी पाण्याच्या तोफा बसवल्या आहेत. दर शरद ऋतूत त्या एकदम उडवून तपासतात, आणि ते बघायला पूर्वी पर्यटकांची झुंबड उडायची.