लाल शाईचा डाग

वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवते. संतांची 'माउली' शिकवते, शाहिरांचा शृंगार शिकवते, आणि मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू आलीच तर चष्म्यावरून एकदा पाहून ती बंदही करते. अशा बाईला डॉक्टरांसमोर बसल्यावर आपल्याच अंगाच्या एका भागाचे नाव घेता येऊ नये, आणि त्यापायी तिने निष्कारण हृदयाचा आलेख काढून घ्यावा, ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हे. पण संपादकांनी 'यंदा काही अनुभवाचे लिहा' म्हणून कळवले, आणि या वर्षात मला दुसरा अनुभव आला नाही. तेव्हा सांगते.

जून महिना. विद्यापीठाचे पेपर तपासण्याचे दिवस. एका रात्री कपडे बदलताना आतल्या कपड्यावर उजव्या बाजूला टिकलीएवढा तांबूस डाग दिसला. दिवसभर लाल पेन हातात होते. मी म्हटले, शाई लागली. साबण लावला, डाग गेला, मी निजले. शाई पदराला लागेल, बाहीला लागेल. ती दोन कपड्यांच्या आत जाऊन कशी लागेल, हा साधा प्रश्न मी स्वतःला पडू दिला नाही. कुणा विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते तर मी त्याला शून्य दिले असते.

पाचसहा दिवसांनी पुन्हा डाग. मग एकदा स्नानाच्या वेळी प्रत्यक्ष थेंबच दिसला. काळसर तांबडा, मोहरीएवढा. गाठ म्हणावी तर हाताला लागत नव्हती, दुखत तर मुळीच नव्हते. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी मी मनाची समजूत घातली. त्या जागेपुरते पाहिले तर दुखणे आणि धोका यांचा परस्परांशी फारसा संबंध नसतो, हे मला पुढे कळले. मग प्रवेशाची गडबड आली, मुलीचे बारावीचे वर्ष आले, श्रावणातले सणवार आले. दोन महिने मी तो कपडा सर्वांत शेवटी, स्वतःच्या हाताने धुवून, टॉवेलाखाली वाळत घातला.

भीती कशाची, ते वाचक भगिनींना वेगळे सांगायला नको. आमच्याकडे त्या रोगाचे नाव कुणी घेत नाही. 'तिला टाटाला न्यावं लागलं' एवढेच म्हणतात. परळचे ते रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले आणि त्यातून किती माणसे बरी होऊन घरी आली. पण आमच्या बोलण्यात त्याचे नाव रोगाच्याच जागी जाऊन बसले आहे.

शेवटी गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. सासऱ्यांपासून सगळ्या घराचे औषध त्यांचेच. "काय होतंय?" म्हणून त्यांनी विचारले, आणि माझी वाचा बसली. 'स्तन' म्हणावे तर तो शब्द वर्गात, श्लोकाच्या अर्थात शोभतो. तपासणीच्या खोलीत आपला म्हणून उच्चारताना जीभ अडते. बोलीतला 'थान' घरात बायकाबायकांत चालतो, पुरुषासमोर नाही. 'अंगावर' म्हणावे तर तिथे दुसरीच पंचाईत: 'अंगावर पाजते' म्हणजे एक आणि 'अंगावर जाते' म्हणजे भलतेच. मी म्हणाले, "छातीत जरा त्रास आहे." डॉक्टर गंभीर झाले. शेचाळीस वय, जागरणे, कॉलेजचा ताण. त्यांनी ताबडतोब मला टेबलावर निजवले, तारा लावल्या आणि हृदयाचा आलेख काढला. तो उत्तम निघाला. "काळजीचं कारण नाही," ते म्हणाले. मी "बरं" म्हणून पर्स उचलली आणि दारापर्यंत गेलेसुद्धा! तिथून परत फिरले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाले, "डॉक्टर, दूध येतं तिथून रक्त येतंय. उजवीकडून. जूनपासून."

बिचारे काही बोलले नाहीत. खुर्ची पुढे सरकवली आणि शांतपणे पाचसहा प्रश्न विचारले. एका बाजूने की दोन्ही? एकाच छिद्रातून की अनेकांतून? दाबल्यावर येते की आपोआप? रंग कसा? या प्रश्नांत सगळे मर्म आहे, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते. दोन्ही बाजूंनी, अनेक छिद्रांतून, केवळ दाबल्यावर येणारे दुधाळ किंवा हिरवट पाणी बहुधा निरुपद्रवी असते. कधी एखाद्या औषधाने, कधी शरीरातल्या अंतःस्रावांच्या गडबडीने, कधी वयपरत्वे नळ्या रुंदावल्याने ते येते. पण एकाच बाजूने, एकाच छिद्रातून, आपोआप येणारे रक्त किंवा पाण्यासारखा स्वच्छ स्राव दिसला की थांबायचे नाही. माझे उत्तर चारही प्रश्नांना नको तेच होते. त्यांनी कोल्हापूरच्या एका सर्जनबाईंना चिठ्ठी दिली.

कऱ्हाडहून कोल्हापूर म्हणजे एस.टी.ने दीड-दोन तासांची वाट. यांना तोपर्यंत सांगितले होते. हे गप्प झाले, आणि गाडीत पेठनाक्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. मग एकदम म्हणाले, "जूनपासून?" एवढेच. मला त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

सर्जनबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. मॅमोग्राफी झाली, दोन पट्ट्यांमध्ये अवयव चेपून धरतात, काही क्षण कळ लागते, संपते. तीत काही दिसले नाही. सोनोग्राफीत मात्र एक नळी फुगलेली आणि तिच्यात सहा मिलिमीटरचा एक कोंब दिसला. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवले. दुधाच्या पंधरा-वीस नळ्या झाडाच्या मुळांसारख्या आत पसरलेल्या असतात आणि स्तनाग्राशी येऊन मिळतात. त्यांपैकी एकीच्या अस्तराला चामखिळीसारखा नाजूक मोड येतो, तो सहज खरचटतो आणि रक्त येते. त्याला पॅपिलोमा म्हणतात. अशा रक्ताचे कारण बहुतेक वेळा हेच असते, आणि ते साधे असते. थोड्यांच्या बाबतीत कर्करोग निघतो. "तुमच्या बाबतीत काय आहे, ते नळी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तो शब्द इतका सरळ आला की मला उलट हायसे वाटले.

शस्त्रक्रियेचे नाव मायक्रोडोकेक्टॉमी. "नावात डोकं आहे खरं," हे म्हणाले. त्या दिवसातले आमचे पहिले हसणे. मूल अंगावर पिणारे असेल किंवा पुढे व्हायचे असेल तर फक्त दोषी नळी काढतात. ती नेमकी सापडत नसेल किंवा अनेक नळ्या पाझरत असतील तर मागच्या सगळ्याच काढाव्या लागतात, आणि मग त्या बाजूने दूध पाजता येत नाही. माझी एकच पुरे होती. स्तनाग्राचा स्पर्श काही अंशी जाईल, कदाचित परत येणार नाही, हेही त्यांनी आधीच सांगितले. शेवटी एक ताकीद दिली: शस्त्रक्रियेपर्यंत दाबून पाहायचे नाही. थेंब शिल्लक राहिला तर त्या वाटेने बारीक सळई घालून नळी शोधता येते. ही ताकीद पाळणे मला सगळ्यांत अवघड गेले. हात सारखा तिकडे जाई, आज आहे की थांबले ते पाहायला.

तारीख निघाली ती पितृपक्षातली. खरे सांगायचे तर मला मनातून बरेच वाटले. घरी येऊन सासूबाईंना सगळे सांगितले आणि वर म्हटले, "अहो आई, पितृपंधरवडा आहे. नवरात्र झाल्यावर करू या का?"

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पंचांग पाहिल्याशिवाय लोणचेही घालत नाहीत. त्यांनी तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "का? बारसं करायचंय का तिथं? पितरांना काय, घरातली सून जगलेली नको आहे?" मग पुन्हा तांदूळ निवडत म्हणाल्या, "जा, करून ये. श्राद्धाचं मी बघते."

आदल्या रात्री रुग्णालयात झोप येईना, म्हणून सोबत नेलेले पुस्तक काढले. फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकर्त्रीची हकीकत होती. 30 सप्टेंबर 1811 रोजी पॅरिसमध्ये राहत्या घरी तिचा स्तन काढला. नेपोलियनच्या सैन्याचा प्रसिद्ध सर्जन लारे हा मुख्य. भूल नाही, फक्त थोडे मद्य. सगळे तिने जागेपणी सोसले आणि काही महिन्यांनी बहिणीला सविस्तर पत्र लिहिले. आणि गंमत पाहा, त्याच्या सातच वर्षे आधी, 1804 साली, जपानमध्ये हानाओका सेइशू या वैद्याने धोतरा आणि बचनाग घातलेला काढा पाजून एका वृद्धेला निजवले आणि तिच्या स्तनातली गाठ काढली होती. जपान तेव्हा बाहेरच्या जगाला बंद. ही वार्ता बाहेर पोचलीच नाही. युरोप-अमेरिकेला ईथरसाठी 1846 पर्यंत थांबावे लागले. फॅनी बर्नी मात्र पुढे सत्त्याऐंशी वर्षांची होऊन 1840 मध्ये वारली. हा शेवटचा आकडा मी दोनदा वाचला आणि दिवा मालवला.

सकाळी टेबलावर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, "मॅडम, काय शिकवता?" मी म्हटले, "मराठी." "मग प्रयोग सांगा बघू. मला शाळेत कधी जमले नाहीत." मी सुरुवात केली: कर्तरी, कर्मणी... भावे प्रयोग काही मला गाठता आला नाही.

जागी झाले तेव्हा घसा खवखवत होता आणि छातीवर बोचकेभर पट्टी. सगळे काम पाऊण तासाचे. काळ्या कडेवर अर्ध्या चंद्रासारखा छेद, आत विरघळणारे टाके, आणि बोटाच्या दोन पेरांएवढी नळी काचेच्या बरणीत पुढच्या तपासणीला गेलेली. त्याच संध्याकाळी घरी सोडतात. आम्ही परगावचे म्हणून रात्र काढली.

वेदना म्हणाल तर साध्या गोळ्यांनी आटोक्यात राहिली. खरा त्रास हमरस्त्यावरच्या गतिरोधकांचा. परतताना मोटार केली होती आणि प्रत्येक उंचवट्याला मी उजवा हात खाली धरून बसत होते, ओटीत मांजराचे पिल्लू घेतल्यासारखी. रात्रंदिवस घट्ट पण बिनतारेची चोळी, कुशीवर निजायचे नाही, दोन आठवडे घागर, कुकर, कणीक काही नाही. केस विंचरायला मुलगी. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली तो सगळा भाग जांभळा; मग तो हिरवा झाला, मग पिवळा. पाचव्या दिवशी छेदाखाली गोटीएवढे टणक लागले. मी रडले. यांनी फोन केला, फोटो पाठवला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून पुन्हा कोल्हापूर गाठले. बाईंनी बोट लावून पाहिले आणि सांगितले, आत साकळलेले रक्त आहे, आपोआप जिरेल. जिरते आहे.

अहवालाला आठ दिवस लागले. या आठ दिवसांविषयी मला लिहिता येत नाही. मी त्यात प्रथम वर्षाच्या चाचणीचे सगळे गठ्ठे तपासून टाकले, आणि पोरांना गुण जरा सढळ पडले असे सहकारी म्हणतात. मग एका दुपारी फोन आला. पॅपिलोमाच, संशयास्पद पेशी नाहीत. यापुढे दरवर्षी तपासणी, एवढेच. हे फोनवर "थँक यू, थँक यू" म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होते.

संध्याकाळी सासूबाईंनी देवापाशी साखर ठेवली. मी पाया पडायला वाकू लागले तर म्हणाल्या, "राहू दे, टाके ओढतील." मग हळूच, "मला आषाढातच दिसला होता डाग. दोरीवर."

"मग बोलला का नाही, आई?"

"वाटलं, तू शिकलेली. तूच सांगशील." थोड्या वेळाने त्यांनी आपल्या थोरल्या जाऊबाईंची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांपूर्वीची. बाई पदर घट्ट लपेटून वावरत. एके दिवशी जखमेला वास येऊ लागला तेव्हा घराला कळले. दिवाळी पाहिली नाही त्यांनी. "सगळ्या बायकांना माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या, "पण म्हणायचं कुणी आणि काय?"

1883 मध्ये श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाई जोशी आपल्याकडे स्त्रीडॉक्टर का हव्यात ते सांगत होत्या. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र मी अनेकदा वर्गात सांगितले आहे. स्त्रीडॉक्टर झाल्या. मी मात्र त्यांच्यापाशी पोचायला दोन महिने आणि एक हृदयाचा आलेख घेतला.

हे दसऱ्याच्या आदल्या दिवशी लिहिते आहे. सोमवारपासून वर्गावर जाते. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात अजून नीट जात नाही, म्हणून मधूनच लिहिते. स्तनाग्राचा अर्धा भाग बधिर आहे, आणि आरशात पाहिले तर एके जागी किंचित खळगा दिसतो. चकलीचा सोऱ्या यंदा यांच्याकडे दिला आहे. चकल्या कशा होतील ते देव जाणे.

काल रात्री सासूबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "त्या तुझ्या डॉक्टरीणबाई," म्हणाल्या, "म्हाताऱ्या बायकांना पण बघतात का?"

मी दचकून विचारले, "का हो आई? काही लागतंय का हाताला?"

"ते मला काय कळणार? मी कधी हात लावून पाहिलाय?"

मंगळवारी मला जखम दाखवायला कोल्हापूरला जायचे आहे. सकाळी फोन करून दोघींची वेळ घेतली.