भाड्याच्या घराचा जिना : लादी दिसायला नको, टिकायला हवी

माणूस पोटाला चिमटा घेऊन घर बांधतो. तळमजल्यावर स्वतः राहावे, वर दोन खोल्या काढाव्यात, त्या भाड्याने द्याव्यात आणि म्हातारपणी कोणापुढे हात पसरू नये, एवढीच त्याची इच्छा असते. खोल्यांचा रंग, खिडक्यांच्या जाळ्या, ओट्याची कडप्पा यांवर घरात आठ-आठ दिवस चर्चा चालते. जिन्याची पाळी आली की मात्र उरलासुरला माल तिथे बसवला जातो. वास्तविक जिन्यावर रोज कितीतरी पावले पडतात, आणि माणूस तिथे घसरतोही. म्हणून आज जिन्याच्या लादीविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

आमच्या नात्यातील एका आत्याबाईंची हकिकत आधी सांगतो. यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर फंडाच्या पैशातून आत्याबाईंनी घरावर मजला चढवला. दोन कुटुंबे भाड्याने ठेवली. त्या भाड्यावरच त्यांचे घर चालते. बांधकामाच्या वेळी सगळ्यांनी सल्ला दिला, ‘जिना चकचकीत करा, भाडे चांगले येईल.’ त्यांनी गुळगुळीत, पांढऱ्या टाइल्स बसवल्या. उन्हाळाभर जिना आरशासारखा दिसला. पहिल्याच पावसाळ्यात भाडेकरूची दहावीतली मुलगी पाण्याची कळशी घेऊन वर चढताना घसरली. उजव्या हाताचे मनगट मोडले. सहामाही परीक्षेचे पेपर बुडाले. आत्याबाई स्वतः तिच्याबरोबर दवाखान्यात गेल्या, पट्टीचा खर्चही दिला; पण त्यांच्या मनाची टोचणी काही गेली नाही. पुढे त्यांनी सगळा जिना उकलून पुन्हा केला. एकाच कामाला दोनदा पैसे गेले.

वाचकहो, ही चूक आपल्या हातून होऊ नये म्हणून आधी हे समजून घेऊ या की भाड्याच्या घराचा जिना आणि आपल्या राहत्या घराचा जिना यांत फरक काय.

भाड्याचा जिना वेगळा का?

आपल्या घरात आपण चपला दाराशी काढतो. भाड्याच्या घरात मात्र दूधवाला, गॅसवाला, पाहुणे, शाळेची पोरे असे सारेच चपला-बुटांनी चढतात. गॅसचे सिलिंडर पायरी-पायरीवर आपटत वर जाते. भाडेकरू बदलला की कपाट, पलंग, फ्रीज यांची चढ-उतार होते. शिवाय जिना सर्वांचा म्हणून तो पुसायचा कोणी, हा वाद कायमचा. म्हणून लादी निवडताना चार प्रश्न विचारावेत. ओली झाल्यावर ती घसरते का? जड वस्तू आदळल्यास तिची कड फुटते का? चपलेखालच्या वाळूने ती झिजते का? आणि एक तुकडा फुटला तर पाच वर्षांनी तसाच तुकडा बाजारात मिळेल का? रंग आणि नक्षी हा पाचवा प्रश्न आहे, पहिला नव्हे.

कोणता दगड, कोणती टाइल?

शहाबादी : कर्नाटकातील शहाबादहून येणारी ही करडी फरशी आपल्याकडे जुनी आणि ओळखीची आहे. ती खडबडीत मिळते, त्यामुळे पाय धरून ठेवते. भावही परवडतो. मात्र फरशी निवडून घ्यावी. हलक्या मालाचे पापुद्रे सुटतात, आणि जाडी कमी-जास्त असली तर पायऱ्या सारख्या येत नाहीत.

कोटा : राजस्थानातील कोटा भागातला हा हिरवट-निळसर किंवा तपकिरी दगड भाड्याच्या जिन्याला बहुतेक वेळा सर्वांत योग्य ठरतो. तो घट्ट असतो, लांब पट्ट्यांत मिळतो आणि झिजला तर जागेवरच मशीनने घासून पुन्हा नीट करता येतो. फक्त जिन्यावर त्याला आरशासारखी पॉलिश करू नये. साधा घासलेला ठेवावा.

कडप्पा : आंध्रातून येणारा हा काळा दगड ओट्याला उत्तम. पॉलिश केलेला कडप्पा जिन्यावर ओला झाला की निसरडा होतो. शिवाय काळ्यावर काळी पायरी अंधारात दिसत नाही.

संगमरवर : दिसायला देखणा, पण मऊ. कठीणपणाच्या मोहस मापात संगमरवर 3 च्या आसपास, तर वाळूतील गारेचा कण 7 वर असतो. म्हणजे चपलेला चिकटून आलेली वाळू त्याला रोज ओरखडत असते. काही वर्षांत पायरीचा मधला भाग निस्तेज होतो, खोलगट होतो.

ग्रॅनाइट : त्याच मापात 6 ते 7. झिजण्याची चिंता नाही, सिलिंडरलाही दाद देत नाही. खर्च झेपत असेल तर घ्यावा, पण चकचकीत नको. आगीच्या झोताने खरखरीत केलेला किंवा लेदर फिनिशचा ग्रॅनाइट मागावा.

सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल : साध्या सिरॅमिक टाइलचा रंग वरच्या काचेसारख्या थरातच असतो. कड फुटली की आतली माती दिसते. व्हिट्रिफाइड टाइल जास्त कठीण असते आणि पाणी अगदीच कमी शोषते. पण त्यामुळेच ती साध्या सिमेंटच्या मालाला नीट धरत नाही; तिला टाइल चिकटवण्याचा खास माल लागतो. घ्यायचीच असेल तर जिन्यासाठी बनवलेली, खडबडीत पृष्ठभागाची आणि रंग आरपार असलेली घ्यावी.

मोझॅक आणि कोबा : सिमेंटमध्ये दगडाची खडी बसवून घासलेली मोझॅक आजही अनेक चाळींच्या जिन्यावर शाबूत दिसते. पैसा अगदीच कमी असेल तर सिमेंटचा चांगला कोबा करून कडेला लोखंडी अँगल बसवावा. हात आखडता असला तरी जिना धोक्याचा ठेवण्याचे कारण नाही.

प्लास्टिकचे शीट किंवा गालिचा मात्र भाड्याच्या जिन्यावर टाळावा. आपल्या पावसाळ्यात ओल धरून कडा उचलतात, आणि उचललेली कड पायात अडकते.

सांगायचे तात्पर्य, पाय ठेवायच्या आडव्या भागाला कोटा, खडबडीत शहाबादी किंवा खरखरीत ग्रॅनाइट घ्यावा. उभ्या भागावर पाय पडत नाही. तिथे फिकट रंगाची स्वस्त सिरॅमिक टाइल चालते. ती पुसायला सोपी असते, आणि फिकट उभा भाग व गडद आडवा भाग यामुळे म्हाताऱ्या माणसाला पायरी कुठे संपते ते स्पष्ट दिसते.

मोजमाप आणि हिशेब

लादी कितीही चांगली असली तरी पायऱ्या सारख्या नसतील तर जिना घात करतो. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या इमारतीत पायरीची रुंदी किमान 250 मिलिमीटर आणि उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर असावी. म्हणजे साधारण 10 इंच रुंद आणि 7 इंच उंच पायरी ठीक.

आता हिशेब पाहा. मजल्याची उंची साडेदहा फूट, म्हणजे 126 इंच. 7 इंचांच्या पायऱ्या केल्या तर 18 उंच्या होतात. जिना 3 फूट रुंद असेल तर एका पायरीचा आडवा आणि उभा भाग मिळून 17 इंच गुणिले 3 फूट, म्हणजे सव्वाचार चौरस फूट. अठरा पायऱ्यांचे झाले साडेशहात्तर चौरस फूट. त्यात मधल्या चौकाचे क्षेत्रफळ वेगळे मिळवावे आणि तुटफुटीसाठी एक दशांश माल जास्त घ्यावा. हा हिशेब कागदावर मांडून मगच दुकानात जावे. वहिनींनी आणि ताईंनी हा हिशेब स्वतः करावा. मिस्त्री सांगेल तेवढा माल आणण्याची गरज नाही. उरलेल्या चार-पाच लाद्या जपून ठेवाव्यात, पुढे दुरुस्तीला त्याच कामी येतात.

जुन्या जिन्यावर नवी लादी चढवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. समजा, माल आणि दगड मिळून दीड इंच थर चढला. मधल्या पायऱ्यांना फरक पडत नाही, कारण सगळ्याच दीड इंच वर जातात. पण खालची जमीन आणि वरचा मजला होता तिथेच राहतो. मग पहिली पायरी साडेआठ इंचांची आणि शेवटची साडेपाच इंचांची होते. पावलाला सवय सातची. माणूस तिथेच ठेचकाळतो. म्हणून एक तर जुनी लादी काढावी, नाही तर खाली-वर जमिनीची उंचीही तेवढीच वाढवावी.

काम करून घेताना

पायरीची पट्टी शक्यतो अखंड घ्यावी. मध्ये सांधा आला की पाणी तिथेच मुरते. पुढची कड गोल घासून घ्यावी. धारदार कड लवकर फुटते आणि पडणाऱ्याला जास्त लागते. कडेपासून थोडे आत मशीनने दोन-तीन खाचा मारून घ्याव्यात. जुना गुळगुळीत कोबा असेल तर छिन्नीने टोचे मारल्याशिवाय त्यावर माल टाकू देऊ नये. लादीखाली माल पूर्ण भरला की नाही ते नाण्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर ती लादी पुन्हा बसवायला लावावी. पोकळ जागेवर सिलिंडर आदळले की लादी फुटलीच म्हणून समजा. जिना उघडा असेल तर पायरीला पुढच्या बाजूला किंचित उतार ठेवावा, म्हणजे पाणी साचत नाही. काम झाल्यावर सात दिवस पाणी मारावे.

भाडेकरू राहत असतील तर त्यांना आठ दिवस आधी सांगावे. मिस्त्री एक आड एक पायरी बसवतात, म्हणजे ये-जा बंद पडत नाही. पण अशा वेळी पोरांना आणि म्हाताऱ्यांना हात धरूनच चढवावे.

आणि अ‍ॅसिड! लादी चकचकीत व्हावी म्हणून आपल्याकडे अ‍ॅसिड ओतण्याची खोड आहे. कोटा, शहाबादी, कडप्पा, संगमरवर हे सारे चुन्याचे दगड. अ‍ॅसिड त्यांना खाऊन टाकते. साबणाचे पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरेसा आहे.

कठडा, दिवा आणि कायदा

लादीबरोबर कठडा आणि दिवा विसरू नका. भिंतीच्या बाजूलाही हाताला धरायला दांडी असावी. दिव्याचे बटण खाली आणि वर दोन्हीकडे हवे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. ज्या जागेला तो लागू होतो ती चांगल्या दुरुस्तीत ठेवणे हे त्यात मालकाचे कर्तव्य मानले आहे. जिन्यावरचा दिवा हीसुद्धा अत्यावश्यक सोय धरली आहे. योग्य कारणाशिवाय मालकाला ती बंद करता येत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल तर जिन्याची दुरुस्ती, दिव्याचे बिल आणि सफाई कोणाकडे, हे करारातच लिहून घ्यावे. तो करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे. लिहिलेले असले की वाद होत नाही.

आपल्यापैकी किती तरी जणांनी भाड्याच्या खोलीत दिवस काढले आहेत. अंधारा जिना, हलणारी पायरी, ‘जमत नसेल तर खोली सोडा’ हे मालकाचे उत्तर आपण ऐकले आहे. आज आपल्या हातात चार विटा आल्या असतील, तर आपण तसे मालक होऊ नये.

आत्याबाईंचा जिना आता कोट्याचा आहे. दिसायला साधा, करडा. कडेला खाचा, भिंतीला दांडी, वर दिवा. ती मुलगी पुढे डाव्या हाताने लिहायला शिकली नाही. हात जुळला आणि मार्चचे पेपर तिने उजव्या हातानेच लिहिले. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन ती तोच जिना धावत उतरली. आत्याबाई खालून ओरडल्या, ‘अगं, हळू!’ पण या वेळी त्यांच्या आवाजात भीती नव्हती.