गर्भपाताची गोळी आणि बसचा प्रवास

दिवस गेल्याचे लवकर कळले तर गोळ्यांनी गर्भपात होतो, हे आता पुष्कळ भगिनींना ठाऊक आहे. आधी मिफेप्रिस्टोन घ्यायची, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. कळा आणि रक्तस्राव होतो तो मुख्यतः या दुसऱ्या औषधाने.

इंग्लंडचा गर्भपाताचा कायदा १९६७ चा. दोन डॉक्टरांची संमती आणि सरकारमान्य जागा, या त्याच्या अटी. त्या वेळी या गोळ्या नव्हत्याच. पण गोळ्या आल्या तरी जागेची अट कायम, म्हणून दुसऱ्या गोळीसाठीही दवाखान्यातच जावे लागे. गोळी घेऊन बाई परत निघाली की कधी कधी बसमध्येच कळा सुरू होत. मोटारवालीचे निभावे. जिला कामाचा खाडा करून, पोरे शेजारणीकडे सोडून यायचे, तिने काय करावे? स्कॉटलंडने २०१७ मध्ये, वेल्स व इंग्लंडने २०१८ मध्ये दुसरी गोळी घरी घेऊ दिली.

मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि पहिली गोळीही घरी आली. फोनवर तपासणीचे बोलणे आणि औषध टपालाने. मुदत दहा आठवड्यांच्या आतली. पुढे इंग्लंड-वेल्समधील पन्नास हजारांहून अधिक गर्भपातांचा हिशेब मांडला गेला. सरासरी १०.७ दिवसांची प्रतीक्षा ६.५ दिवसांवर आली होती आणि यश सुमारे ९९ टक्के, पूर्वीइतकेच.

तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने ही सवलत बंद करायचे जाहीर केले. उमरावांच्या सभागृहाने ती कायम ठेवणारी दुरुस्ती सुचवली आणि ३० मार्च २०२२ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ती २१५ विरुद्ध १८८ मतांनी स्वीकारली. फरक फक्त सत्तावीस मतांचा! विरोधक म्हणत, घरात बाईवर जबरदस्ती होईल, आठवडे मोजायला चुकतील. ही भीती खोटी नाही. पण जिच्यावर घरात पाळत आहे, तिला दवाखान्यात तरी कोण जाऊ देतो?

आपला १९७१ चा कायदा त्याच ब्रिटिश वळणाचा. त्याआधीच्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. आज आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंत पात्र नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यातून या गोळ्या लिहून देऊ शकतात. मात्र गरज पडल्यास मान्यताप्राप्त केंद्राची सोय त्यांच्याकडे हवी. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, मागतो तो काउंटरवरचा माणूस! तिचे नाव गुप्त ठेवणेही बंधनकारक आहे.

या कटकटीला कंटाळून काहीजणी चिठ्ठीशिवाय मेडिकल दुकानातून गोळ्या आणतात. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत असेल तर या गोळ्या चालत नाहीत आणि जिवावर बेतते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. गोळ्या घेतल्यावर दर तासाला दोन मोठे पॅड भिजतील असा रक्तस्राव सलग दोन तास झाला, ताप चढला किंवा पोटात एका बाजूला असह्य दुखले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.