टनेल अप, फाइल अडकलेली

एनक्रिप्टेड टनेलमधून काही जाईनासं झालं की पहिला संशय किल्लीवर जातो. सर्टिफिकेट नव्याने काढा, सायफर बदला, असे सल्ले सुरू होतात. ओपनबीएसडीवरच्या आयपीसेकपुरतं बोलायचं तर हा संशय बहुधा फुकट जातो. किल्ली चुकली तर टनेल उभाच राहत नाही, आणि आयपीसेकसीटीएल दोन्ही दिशांचे एसए दाखवत असेल तर आयकेडीची बोलणी पार पडलेली असतात. यावर आक्षेप रास्त आहे: पलीकडचं मशीन रीबूट झालं तरी इकडे जुने एसए काही काळ यादीत दिसत राहतात. खरं आहे. पण म्हणूनच यादीवर किंवा लॉगवर न थांबता पॅकेट बघावं. लॉग बोलण्यांबद्दल बोलतो. पुढे डेटाचं काय झालं यावर तो बहुतेक गप्पच असतो.

दोन खिडक्यांत टीसीपीडंप लावावा: एक बाहेरच्या कार्डावर, ईएसपीपुरता (मध्ये नॅट असेल तर यूडीपी 4500), दुसरा एन्क-झिरोवर. या दुसऱ्या इंटरफेसवर जाणारं पॅकेट एनक्रिप्ट होण्याआधी दिसतं आणि येणारं उलगडल्यानंतर. ईएसपी बाहेर पडतंय पण परत काहीच येत नाही, तर दोष वाटेत किंवा पलीकडे. ते शिळे एसएही इथेच उघडे पडतात. विनंती उलगडून आत आली पण उत्तर नाही, तर पीएफमध्ये एन्क-झिरोसाठी नियम लिहायचा राहिला असेल, नाहीतर आतल्या मशीनचा गेटवे भलताच असेल. सगळ्यात फसवा प्रकार आकाराचा. पिंग व्यवस्थित चालतो, कारण त्यात डेटा जेमतेम 56 बाइट. एसएसएच मात्र जोडलं जाऊन किल्ल्यांच्या देवाणघेवाणीपाशी गोठतं, कारण पहिलं जाडजूड पॅकेट तिथे निघतं. इथरनेटच्या 1500 बाइटांतले काही डझन ईएसपी खातं, पॅकेटवर ‘तुकडे करू नका’चा बिट असतो, आणि ‘पॅकेट मोठं झालं’ हा आयसीएमपी निरोप कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली अडवलेला असतो. पिंगला डॅश-कॅपिटल-डी देऊन आकार 1300 पासून वाढवत नेला की नेमका आकडा सापडतो.

मग पीएफमध्ये मॅक्स-एमएसएस कमी करून मोकळं व्हावं, असं अनुभवी लोकही म्हणतात. लगेच गुण येतो, पण फक्त टीसीपीला. मोठी यूडीपी पॅकेटं तशीच हरवत राहतात. मधली फायरवॉल आपल्या हातात असेल तर आधी तिथे आयसीएमपीचा प्रकार 3, कोड 4 सोडावा. नसेल, तर मॅक्स-एमएसएस आहेच.