पिकअपच्या दिव्यांचा नेम घरच्या घरीं कसा बसवावा

दिव्याचें काम उजेड देणें हें होय, हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु तोच दिवा नेम चुकला म्हणजे समोरच्या मनुष्यास आंधळा करितो, ही गोष्ट पुष्कळ थोरांच्याही ध्यानांत येत नाहीं. आपल्या मुळशी तालुक्यास तरी ही जाणीव अधिक असावयास हवी. मुळशीच्या धरणापायीं येथील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखालीं जाणार म्हणून १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह झाला. तरी धरण झालेंच, आणि १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरांतील वीज मुंबईकडे जाऊं लागली. एकाच्या उजेडासाठीं दुसऱ्यास काय सोसावें लागतें, हें या भूमीनें पाहिलें आहे. मोटारीच्या दिव्याची गोष्ट त्या मानानें अगदीं लहान; पण येथें उपाय सर्वस्वीं आपल्या हातीं आहे, म्हणून ती सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हल्लीं पौड, पिरंगुट व ताम्हिणीच्या बाजूस गांवोगांव पिकअप गाड्या दिसतात. दूध, भाजी, विटा, भाताचीं पोतीं घेऊन त्या पहाटेच्या काळोखांत निघतात व रात्रीं परततात. त्याच रस्त्यावरून दुचाकीस्वार, पायीं चालणारे मजूर, गुरें आणि शिकवणीहून परतणारीं मुलें जात असतात. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर पडला कीं खड्डा, कठडा, मनुष्य कांहींच दिसेनासें होतें. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें १४ मीटर जाते. तीन सेकंद डोळे दिपले तर ४२ मीटर वाट चालकानें न पाहतांच तोडली असें होतें. यांतील विशेष हा कीं, ज्याच्या दिव्यामुळें हें घडतें त्यास स्वतःस कांहींच त्रास होत नाहीं; उलट उजेड लांबवर पडतो म्हणून तो संतुष्टच असतो. यासाठीं दिव्याचा नेम चालकाच्या समाधानावर न सोडतां भिंतीवर मोजून पाहिला पाहिजे.

नेम म्हणजे काय, हें प्रथम समजून घेऊं. दिव्यास दोन झोत असतात. चालक त्यांस अप्पर व डिपर म्हणतात. अप्पर सरळ दूरवर जातो. डिपरचा वरचा भाग मात्र कापल्यासारखा असतो; भिंतीवर एक रेघ दिसते, तिच्याखालीं उजेड व वर काळोख. पुष्कळ गाड्यांत एच-४ जातीचा बल्ब असतो. त्यांत डिपरच्या तारेखालीं धातूची लहानशी वाटी बसविलेली असते व तिच्यामुळेंच ही रेघ उमटते. आपल्याकडे वाहनें डाव्या बाजूनें चालतात. म्हणून ही रेघ उजव्या अंगास आडवी असते, आणि मधल्या कोपऱ्यापासून डाव्या अंगास वर चढत जाते. उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वांचावे आणि डाव्या कडेचा पादचारी दिसावा, अशी ही योजना आहे.

ही आडवी रेघ दर १० मीटरांस साधारणतः १० ते १५ सेंटिमीटर खालीं उतरावी. म्हणजे उतार १ ते १.५ टक्के असावा. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत, व कित्येक गाड्यांवर दिव्याजवळील चिठ्ठीवरही, दिलेला असतो. तोच प्रमाण मानावा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं १०६ वा नियमही हेंच सांगतो. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्यास झोतानें दिपवूं नये, असा त्याचा आशय आहे. नेम फार खालीं असणेंही बरें नव्हे. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच असेल तर १ टक्का उतारानें उजेड ८० मीटरांपर्यंत पोंचतो. ३ टक्के केल्यास तो २७ मीटरांच्या आंतच संपतो, आणि रस्त्यांत बसलेलें जनावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पिकअपची अडचण आणखी एक आहे. माल मागें भरतात, मागचे पाटे दबतात आणि गाडीचें नाक वर उचललें जातें. समजा, पुढच्या व मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि ओझ्यानें मागची बाजू ६ सेंटिमीटर खालीं बसली. गाडी २ टक्के कलली. म्हणजे १ टक्का खालीं असलेला झोत आतां १ टक्का वर गेला. रिकाम्या गाडीची रेघ ५० मीटरांवर जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच होती, ती आतां १ मीटर ३० सेंटिमीटरांवर, म्हणजे एखाद्या शाळकरी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, येते. दिव्यास कोणीं हातही लावलेला नसतो. भूमितींतील समरूप त्रिकोण रस्त्यावर असे उपयोगी पडतात.

आतां कृति. सायंकाळीं अंधार पडल्यावर सपाट अंगण व समोर उभी भिंत असलेली जागा पाहावी. जागा खरोखर सपाट आहे कीं नाहीं, हें गवंड्याच्या पाण्याच्या नळीनें तपासावें. चाकांत हवा योग्य भरावी, दिव्यांच्या कांचा पुसाव्या आणि चालकाच्या जागीं कोणी मोठें माणूस बसवावें. गाडी भिंतीशीं सरळ भिडवून प्रत्येक दिव्याच्या मध्याची खूण खडूनें करावी. त्या खुणांतून ओळंब्यानें दोन उभ्या रेघा व दोहोंस जोडणारी एक आडवी रेघ काढावी. मग गाडी सरळ मागें घेऊन दिव्यापासून भिंतीपर्यंत बरोबर १० मीटर अंतर ठेवावें, हातब्रेक ओढावा व चाकांस दगड लावावे. पुस्तकांत १ टक्का सांगितला असेल तर पहिल्या आडव्या रेघेखालीं १० सेंटिमीटरांवर दुसरी रेघ काढावी, १.५ टक्के असेल तर १५ सेंटिमीटरांवर.

आंत दिव्याची उंची बदलण्याची कळ असेल तर ती शून्यावर ठेवून डिपर लावावा. एका दिव्यापुढें पुठ्ठा उभा करावा. दिवा तापतो, म्हणून त्यावर कापड टाकूं नये. बॉनेट उघडल्यावर दिव्याच्या पाठीमागें स्क्रू किंवा दांतेरी चाक आढळेल. एकानें झोत वर-खालीं होतो, दुसऱ्यानें बाजूस सरतो. कांहीं गाड्यांत पहिलेंच असतें. अर्धा अर्धा फेरा देऊन दर वेळीं भिंतीकडे पाहावें. उजेडाची आडवी रेघ खालच्या खडूच्या रेघेवर, व तिचा कोपरा उभ्या रेघेवर आला म्हणजे तो दिवा झाला. नंतर दुसरा घ्यावा. स्क्रू अडला तर जोर करूं नये. तें काम कारागिराकडे न्यावें. मोजणें व खुणा करणें मुलांनीं करावें. परंतु इंजिन चालू असतांना गाडी व भिंत यांच्यामध्यें कोणीही उभें राहूं नये.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, व पिकअपला तीच सर्वांत महत्त्वाची. नेहमींचा माल भरून गाडी पुन्हां त्याच जागीं उभी करावी. रेघ वर चढलेली दिसेल. कळ १, २, ३ अशी फिरवून कोणत्या आंकड्यावर ती मूळ जागीं उतरते तें पाहावें आणि तो आंकडा लिहून चालकापुढें चिकटवावा. कळ नसेल तर रात्रीं ज्या ओझ्यानें गाडी अधिक चालते, त्या ओझ्यासह नेम बसवावा.

भिंतीवर स्पष्ट रेघच उमटत नसेल तर स्क्रू फिरवून उपयोग नाहीं. बल्ब आपल्या खांचांत नीट बसलेला नसेल, कांच आंतून धुरकट झाली असेल, किंवा त्या दिव्यासाठीं न बनविलेला एलईडी बल्ब कोणीं घातला असेल. बल्ब बदलल्यावर नेम पुन्हां तपासावा. पावसाळ्यांत ताम्हिणी घाटांत धुकें उतरतें, तेव्हां अप्पर लावूं नये. त्याचा उजेड थेंबांवरून परतून समोर पांढरी भिंत उभी करितो. आणि घाटाच्या वळणावर व चढ-उतारावर उत्तम बसविलेला झोतही क्षणभर भलतीकडे जातो. तेथें वेग कमी करणें हाच उपाय.

या कामास खडू, टेप, नळी व एक सायंकाळ एवढेंच लागतें. पालकांनीं सुगीच्या अगोदर, भाताचीं पोतीं गाडीवर चढण्यापूर्वीं, तें एकदां करावें आणि मुलांस सोबत घ्यावें, अशी आमची विनंति आहे. समोरून येणाऱ्याचें नांव आपणांस ठाऊक नसतें. तरी रात्रींच्या रस्त्यावर तोच आपला शेजारी होय.