पहिलटकरणीचा मलेरिया

केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू हे शहर आहे. त्या भागात मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. लहानपणी त्यातून वाचलेली मुलगी मोठी होईपर्यंत इतके डास चावून घेते की तिचं शरीर या रोगाला सरावतं. रक्तात थोडे परजीवी असले, तरी ताप येत नाही. मग तिला दिवस जातात, आणि वर्षानुवर्षं कमावलेली ही प्रतिकारशक्ती तोकडी पडते. सर्वांत जास्त भोगते ती पहिलटकरीण. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तीच बाई पुष्कळ सुरक्षित असते.

असं का व्हावं? गरोदरपणात प्रतिकारशक्ती मंदावते म्हणावं, तर ती दर खेपेलाच मंदावायला हवी.

उत्तर सापडलं वारेत. फाल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला, की त्या पेशीच्या अंगावर चिकट प्रथिनं उगवतात. त्यांच्या आधारानं पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून राहते, कारण वाहत प्लीहेत गेली तर तिथे तिचा निकाल लागतो. ही प्रथिनं ओळखायला शरीर हळूहळू शिकतं. मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी किसुमूतल्या बाळंतिणींच्या वारा तपासल्या आणि १९९६ मध्ये निष्कर्ष मांडला: वारेतले परजीवी वेगळ्याच रेणूला चिकटतात, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट एला. वार आईच्या शरीरात पहिल्यांदा तयार होते ती पहिल्या गरोदरपणातच. परजीवीला तिथे नवी जागा मिळते, आणि तिला धरणारं प्रथिन आईच्या शरीरानं कधी पाहिलेलंच नसतं. आई पहिल्या खेपेत त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागते, आणि ती पुढच्या बाळांच्या कामी येतात. त्याच गावातल्या पुरुषांच्या रक्तात ही प्रतिपिंडं सहसा नसतात. मला हे फार विलक्षण वाटतं.

धोका असा, की बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात काहीच दिसत नाही आणि वार मात्र परजीवींनी भरलेली असते. आईला ताप नाही, तक्रार नाही. रक्त तेवढं कमी होत जातं, आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं, कधी मृतही.

म्हणून आफ्रिकेत जिथे मलेरिया जास्त आहे, तिथे तपासणीच्या निकालाची वाट पाहत नाहीत. चौथ्या महिन्यापासून दर तपासणीला सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइनच्या गोळ्या देतात, दोन डोसांत किमान एक महिना ठेवून, एकूण निदान तीनदा. नर्स पाण्याचा पेला हातात देते आणि गोळ्या समोरच गिळायला लावते. जोडीला कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी असते.

या गोळ्या परजीवीची फोलेट बनवण्याची वाट अडवतात. आणि फोलेट तर गरोदर बाईलाही हवं असतं! फोलेटच्या शोधाचं मूळ आपल्या मुंबईत आहे. १९३० च्या सुमारास लुसी विल्स इथल्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्कानं त्या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. गोळीतलं फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिड, रोज ०.४ मिलिग्रॅम दिलं, तर आईची गरज भागते आणि मलेरियाच्या गोळ्याही आपलं काम करतात. ५ मिलिग्रॅम दिलं, तर गोळ्यांचा जोर कमी होतो. तरीही आफ्रिकेतल्या काही देशांत दवाखान्याच्या कपाटात ५ चीच गोळी असते.